कुशातात्यांचा माळा

एकवीस माणसांचा कचरा मी एका गुरुवारी सकाळी साफ केला आणि त्यात कुशातात्यांचा माळा गेला. त्याला माळा म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, असं सांगून सुटता येतं. मी बरीच वर्षं तसंच सांगत आलोय.

२००७चा जानेवारी. उरवड्यात आमची कंपनी होती, मोटारसायकलींचे बोल्ट आणि पिना बनवून त्यांना प्लेटिंग, म्हणजे धातूचा मुलामा, करणारी. मशीनवर शंभरेक माणसं, त्यातली निम्मी ठेकेदाराची. ऑफिसात बावीस जणांना मेलचा पत्ता होता आणि त्या बावीस पत्त्यांचा सर्व्हर जिन्याखालच्या प्लायवूडच्या कपाटात, झाडूच्या शेजारी बसवलेला होता. त्यावरची मेलची आवृत्ती जुनी. मेल अडकायचे, एकाच गिऱ्हाइकाला तीन-तीनदा जायचे, न जायचे तर जायचेच नाहीत. आमचे डायरेक्टर मनीषसाहेब एक दिवस वैतागून म्हणाले, "सौरभ, ते नवीन व्हर्जन टाकून टाक एकदाचं. पण काम थांबता कामा नये हं."

काम न थांबवता करायचं म्हणजे गुरुवारी करायचं. आमच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी, कारण गुरुवारी वीज नसते. म्हणजे ज्या दिवशी कॉम्प्युटर मोकळे असतात, नेमके त्याच दिवशी ते चालू होत नाहीत. यावर साहेबांनी जनरेटरला सहा तासांचं डिझेल मंजूर केलं. वर ड्रमवर खडूने खूण करून ठेवली, न जाणो मी पिऊन टाकलं तर.

नवं मशीन जुन्याशेजारी मांडलं, वायर जोडली, मेल हलवायला लावले. पडद्यावर आकडा आला : चौदा तास. मी बार्शीच्या नगरपालिकेच्या शाळेत शिकलेला माणूस. सहातून चौदा जात नाहीत एवढं मला समजत होतं. मग मी कुठलं फोल्डर किती जाड आहे ते बघत बसलो. निम्म्याहून जास्त वजन होतं डिलिटेड आयटम्समध्ये, म्हणजे लोकांनी पुसून टाकलेल्या मेलमध्ये. बदलीच्या ट्रकमध्ये सामान भरताना कुणी केराची बादली भरतं का? मी एकेकाची बादली रिकामी करत सुटलो. स्टोअरच्या पत्त्यावर साडेतीन हजार मेल होते कचऱ्यात. मला हसू आलं. सेल्सवाल्या विलासच्या कचऱ्यात नुसते विनोद होते, ते मी आधी वाचले आणि मग पुसले.

एकवीस जणांचा कचरा गेला. बाविसावा साहेबांचा. त्याला मी हात लावला नाही. साहेबांचा कचरा मी फुलासारखा उचलून नव्या मशीनवर नेऊन ठेवला.

साडेपाच तासांत काम झालं. अर्ध्या तासाचं डिझेल उरलं म्हणून साहेबांनी फोनवर शाबासकी दिली. शुक्रवारी सकाळी जुनं मशीन पार धुऊनपुसून गेटवर दिलं, गाड्यांच्या नोंदीसाठी. महिनाभर ते तसंच ठेवायचं असतं, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. पुस्तक माझ्याकडे होतं.

दहाच्या सुमारास स्टोअरमधून फोन आला.

"सौरभ, माळ्यावरचं काय झालं रं?"

"कुठल्या माळ्यावरचं तात्या? घरच्या?"

"घरच्या कशाला? घरी काय मी हितनं बघतोय व्हय? कॉम्प्युटरच्या. खालचं समदं जाग्यावर हाय. वरचं न्हाई."

कुशातात्या म्हणजे आमचे स्टोअरकीपर, कुशाबा ढमाले. पंचावन्न वय, अंगावर कंपनीचा निळा शर्ट आणि खाली पायजमा. पँट घाला म्हणून एचआरच्या कल्पना मॅडम त्यांच्या चार वर्षं मागे लागल्या होत्या. "मॅडम, बोल्ट काय माज्या पायाकडं बघून बसत्यात का?" असं विचारून त्यांनी तो विषय मिटवला होता. कंपनीचा पाया खणला तेव्हा ते इथे वॉचमन म्हणून लागले, मग हमालीत आले, मग स्टोअरमध्ये. खिशात हात घालून नट चाचपायचे आणि न बघता माप सांगायचे. आम्ही पैजा लावून हरलेलो. गावात त्यांची दोन एकर भाताची खाचरं, एक विहीर, आणि घराच्या मागे भाड्याने दिलेल्या चार खोल्या. त्यातली एक माझी. म्हणजे माझे घरमालकही तेच. संध्याकाळी चंद्राबाई मावशी वाटीभर कालवण पाठवायच्या आणि वाटी परत करताना मी ती धुऊन द्यायचो नाही, याबद्दल तात्या मला "बार्शीचं संस्कार" म्हणून चिडवायचे.

तर मी हसत हसत स्टोअरमध्ये गेलो. तात्यांनी कानावरची पेन्सिल काढून पडद्यावर टेकवली. इनबॉक्सच्या वर डिलिटेड आयटम्स, त्यात शून्य.

"तात्या, तो कचऱ्याचा डबा आहे."

"कचरा?" तात्यांनी चष्मा वर केला. "कचरा वर कोन ठिवतंय? उकिरडा कुटं असतो, घराच्या वर असतो का? वर माळा असतो. ठिवणीतलं वर टाकायचं, हाताशी लागतं ते खाली. बी-बियानं, पितळंची भांडी, समदं वर."

"पण त्यावर डिलीट लिहिलंय ना."

"त्ये इंग्रजीत हाय. मला मॅडमनी शिकवलं, काम झालं की हे बटन दाबायचं. मी दाबलं. बघतोय तर मेल कुटं जातोय? गेलाच न्हाई. वर जाऊन बसला, तारीखवार. मी म्हनलं, झाक. दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं, तरी हाय. वरीसभरानं बघितलं, तरी हाय. त्यो कचरा असता तर कुनीतरी उचलला नसता का?"

उचलला होता. मीच.

पण त्यावेळी मला गंमतच वाटत होती. दुपारी कँटीनमध्ये मी हा किस्सा रंगवून सांगितला, तात्यांचा आवाज काढून. ऑफिस दोन दिवस हसत होतं. चलन सापडलं नाही की विलास ओरडायचा, "माळ्यावर बघा!" तात्याही हसत होते. माणसं आपल्यावर हसतात तेव्हा त्यांच्याबरोबर हसायची एक रीत असते, ती ते पाळत होते.

तिसऱ्या दिवशी ते जिन्याखाली आले, कपाटाशेजारच्या खोक्यावर बसले आणि म्हणाले, "बाकीचं जाऊ दे. त्यातला येक मेल मला पायजे."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

२००३च्या उन्हाळ्यात कंपनीची बोअर आटली. प्लेटिंगला पाणी लागतं, आणि टँकरवाले प्लेटिंगवाल्यांची नड ओळखून भाव दुप्पट लावतात. तात्यांची विहीर कंपनीच्या मागच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. मनीषसाहेब स्वतः त्यांच्या घरी आले, ओट्यावर बसून चहा प्याले आणि पाणी मागितलं. तात्या म्हणाले, पाण्याचे पैसे घेणार नाही, गावात तोंड दाखवायचंय. त्याऐवजी एक करा. शेखर, म्हणजे त्यांचा मुलगा, आयटीआयला जातोय, तो पास झाला की त्याला कंपनीत पर्मनंट घ्या. ठेकेदाराकडे नको. साहेब लगेच हो म्हणाले. आत चुलीशी बसलेल्या मावशी म्हणाल्या, लेखी घ्या. ऐकून साहेब हसले. "तात्या, स्टँपपेपर कशाला हवाय आपल्यात? मी तुम्हाला मेल करतो. मेल म्हणजे लेखीच."

आणि साहेबांनी खरंच मेल केला. तीन ओळींचा, इंग्रजीत. तेव्हाच्या टायपिस्टने, जी पुढे नोकरी सोडून गेली, तो तात्यांना वाचून दाखवला. मग पाइप पडला, पाणी सुरू झालं, आणि तात्यांनी मेल माळ्यावर टाकला.

"छापून का नाही घेतला?" मी विचारलं.

"मॅडमच्या रजिस्टरात लिवावं लागतं कागद कशाला पायजे त्ये. खाजगी चालत न्हाई. आन् आमच्याकडं चार म्हैनं पाऊस. कागद कुजतो, वाळवी लागती. ह्याला काय लागनार हुतं?"

त्यांना इंग्रजी वाचता यायचं नाही, पण शेखरचं नाव त्यातल्या दुसऱ्या ओळीत कुठे आहे ते ठाऊक होतं. महिन्या-पंधरवड्याने ते मेल उघडून बघायचे. वाचायचे नाहीत, बघायचे.

शेखर पास होऊन दोन वर्षं झाली होती. तो आमच्याच प्लेटिंगच्या टाकीवर होता, ठेकेदाराकडून, रबरी बूट घालून. तात्या थांबले होते, कारण साहेब म्हणत होते की पर्मनंटची यादी एकदमच लावू. ती यादी मार्चअखेर लागणार होती. सात जागा होत्या.

"तर त्यो मेल तेवढा वर टाक परत," तात्या म्हणाले. जसा काही मी तो काखेत धरून बसलो होतो.

मला तेव्हा खरी भीती वाटली. ती तात्यांसाठी नव्हती, उगाच खोटं कशाला बोला. त्या सात जागांत एक माझीही व्हायची होती. मी वर्षभर प्रोबेशनवर होतो. डिझेल वाचवायला लोकांचे मेल पुसले आणि जुनं मशीन दुसऱ्याच दिवशी धुतलं, हे फाइलवर आलं असतं तर मी पुढल्या एसटीने बार्शीला. म्हणून मी म्हणालो, "तात्या, मी बघतो. तोवर कुणाला बोलू नका."

ते कुणाला बोलले नाहीत. हा त्यांचा स्वभाव होता आणि माझी सोय.

फेब्रुवारीत ते साहेबांकडे गेले. मी तिथेच होतो, साहेबांच्या कॉम्प्युटरवर नव्या मेलची मांडणी करून देत. साहेबांच्या खुर्चीत मी, साहेब खिडकीशी, तात्या दारात. चप्पल बाहेर काढलेली.

"साहेब, शेखरचं तेवढं यादीत बघा. आपलं ठरलंय."

"कोण शेखर?"

"माजा. तुमी मेल केला हुता. पान्याच्या येळंला."

साहेबांनी आठवायचा प्रयत्न केला. म्हणजे कपाळाला हात लावला. ते खोटं बोलत होते, असं मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. त्यांना दिवसाला ऐंशी मेल यायचे, त्यातल्या तिसाला ते हो म्हणायचे. पाणीही आता लागत नव्हतं. वर्षापूर्वी कंपनीला सरकारी लाइन आली होती. नको असलेल्या पाण्याची आठवण कुणाला राहते?

"तात्या, बघू म्हटलं असेन मी. लेखी दिलं असेल असं नाही वाटत. असेल तर दाखवा ना! दाखवा, आत्ता इथे सही करतो. आपण शब्दाचे पक्के आहोत."

"त्यो मेल ह्या नव्या मशीनच्या भानगडीत गेला."

साहेब माझ्याकडे वळले. "काय रे? जुनं काही राहिलंय का सर्व्हरवर?"

"नाही साहेब. डिलीट केलेले सगळे काढून टाकले."

"सगळ्यांचे?"

माझा हात तेव्हा माउसवर होता आणि पडद्यावर साहेबांचा स्वतःचा मेल उघडा होता, २००१पासूनचा, कचऱ्यासकट. "आपले सोडून" एवढे दोन शब्द होते. ते मी गिळले.

"हो साहेब, सगळ्यांचे."

"बघा तात्या," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "आता मी तरी काय करणार?"

तात्यांनी मान हलवली, बाहेर जाऊन चप्पल घातली. मला वाटलं, संपलं.

तासाभराने मी स्टोअरमध्ये काही कारण काढून गेलो, तर ते चलनबुक उघडून बसले होते. मला समोर बसवलं. "हे बघ. चलनाच्या तीन परती. पांढरी गिऱ्हाइकाला जाती. गुलाबी गेटला ऱ्हाती. पिवळी बुकात ऱ्हाती, ती कुनी फाडत न्हाई. बरुबर?"

"बरोबर."

"माजी पांढरी तू हरवलीस. ज्यानं चलन फाडलं त्याच्या बुकात पिवळी असंल का न्हाई?"

मी चार वर्षं इंजिनीअरिंग केलेला, त्यात दोन विषय दोनदा. हा माणूस सातवी. मेल कसा चालतो हे त्याने पिवळ्या कागदावरून ओळखलं होतं.

"असू शकते," मी म्हणालो.

"मग बघ. चावी तुज्याकडंच असती न्हवं समद्यांची?"

"बघतो."

बघतो हा शब्द मी ऑफिसात शिकलो. बार्शीत आम्ही हो म्हणायचो नाहीतर नाही म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी बघितलं. शोधायला मिनिटही लागलं नाही. त्यासाठीच तर नवी आवृत्ती घेतली होती. साहेबांनी पाठवलेल्या मेलमध्ये, १४ मे २००३, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. पहिल्या ओळीत नमस्कार. दुसरीत, तुमचा मुलगा शेखर आयटीआय पूर्ण करील तेव्हा आम्ही त्याला कायम कामगार म्हणून घेऊ. तिसरीत पाण्याबद्दल आभार. खाली नाव आणि हुद्दा. शेखरच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्तीचं होतं. मी ते दोनदा वाचलं आणि खिडकी बंद केली. प्रिंटर माझ्या उजव्या हाताला होता, एवढं आठवतं.

संध्याकाळी घरी तात्या माझ्या खोलीच्या दारात आले. हातात एक कोरा कागद, सुरळी केलेला.

"पिरंगुटातनं आनला. कंपनीचा कागद नगं, रजिस्टरात चढवावा लागतोय. ह्याच्यावर छाप."

मी म्हणालो, "तात्या, साहेबांच्या डब्यातलं काढायचं म्हणजे साहेबांची परवानगी लागते. नियम असतो तसा."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. चुकीच्या मापाचा नट हातात आला की ते बोटं जशी थांबवायचे, तसे थांबले.

"म्हंजी हाय," ते म्हणाले.

मी खुर्चीवरचा शर्ट उचलून घडी करू लागलो.

"हाय तर दे. तुजं नाव येनार न्हाई. मी म्हनीन, मीच जपून ठिवला हुता."

"साहेब विचारतील, इतके दिवस का नाही दाखवला?"

"विचारू दे. माजं मी बघीन. कागद दे तू."

"देतो तात्या. यादी लागायच्या आत देतो."

त्यांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला, उडू नये म्हणून वर मावशींची वाटी ठेवली, आणि गेले. त्या वाटीत मटकीची उसळ होती. ती मी खाल्ली. कालवण पाठवणाऱ्या घराशी आपण काय करतोय हा विचार माणसाला खाताना येत नाही, खाऊन झाल्यावर येतो.

त्यानंतरचे पाच आठवडे मी रोज देणार होतो. हे अगदी खरं आहे. सोमवारी साहेब कंपनीत असायचे म्हणून नको, मंगळवारी कल्पना मॅडम प्रिंटरपाशी असायच्या म्हणून नको. एकदा सगळं जमून आलं होतं, तर टोनर संपला आणि मला इतकं हलकं वाटलं की मी विलासला चहा पाजला. तात्या आठवण करून देत नव्हते. दिली असती तर बरं झालं असतं. माणूस तगादा लावतो तेव्हा त्याच्यावर चिडता तरी येतं. ते फक्त सकाळी जिन्याशेजारून स्टोअरकडे जाताना कपाटाकडे बघून जायचे.

आणि एक केलं त्यांनी. जानेवारीनंतर डिलीटचं बटण दाबलं नाही. स्टोअरचा इनबॉक्स फुगत गेला. डबा भरला, साफ करा, अशी सूचना नव्या सर्व्हरवरून आपोआप जायची, खाली माझं नाव. तात्या ती सूचनाही ठेवून द्यायचे. अशा माझ्या नावाच्या शंभरावर सूचना त्यांच्याकडे जमल्या होत्या.

एकतीस मार्चला कल्पना मॅडमनी यादी बोर्डावर लावली. सात नावं. शेखर नव्हता. सहावं नाव माझं होतं.

मी बोर्डापासून लांब उभा राहून वाचत होतो. तात्या जवळ जाऊन वाचत होते, बोट लावून, वरून खाली. मराठीत होती यादी, त्यामुळे त्यांना कुणाची मदत लागली नाही. सातव्या नावापाशी थांबले, परत वर गेले, परत खाली आले. मग वळून माझ्याकडे आले.

"तुजं लागलं," ते म्हणाले. "बरं झालं. बार्शीला कळीव."

पुढे आणखी काही बोलतील म्हणून मी उभा राहिलो. तेवढंच होतं. संध्याकाळी मावशींनी वाटीभर शिरा पाठवला, माझं पर्मनंट झालं म्हणून. त्यांना काही ठाऊक नसावं. असलं तर तो शिरा फार वाईट होता, पण चवीला चांगला होता.

जुलैत ठेकेदाराने पंधरा माणसं कमी केली. त्यात शेखर गेला. तो बूट परत करायला आला तेव्हा ऑफिसच्या दारातून मला ओरडून म्हणाला, "दादा, चाललो!" हसत होता. पोराचा स्वभाव बापाहून वेगळा, मोकळा. ऑगस्टमध्ये मी खोली सोडली आणि भूगावला राहायला गेलो. कारण सांगितलं की तिथून पुण्याला जायला बरं. तात्या म्हणाले, "व्हय, हितं लई आडबाजूला हाय." माझं सामान टेंपोत चढवायला त्यांनी हात लावला.

डिसेंबर २००९मध्ये तात्या रिटायर झाले. जाण्याआधी तीन दिवस त्यांनी स्टोअर मोजून नव्या माणसाच्या ताब्यात दिलं. खणाखणावर कार्ड, कार्डावर आकडा. एका खणात एक वॉशर जास्त निघाला, तर त्याचा हिशेब लागेपर्यंत त्यांनी ताबापावतीवर सही केली नाही. शेवटच्या दिवशी साहेबांनी शाल घातली, दोन शब्द बोलले, तात्या कंपनीचा आधार होते म्हणाले. पाण्याचं बोलले नाहीत. तात्यांना बोलायला सांगितलं तर ते म्हणाले, "समदं ताब्यात दिलंय. माज्याकडं कंपनीचं काय न्हाई." आणि बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग त्या खोलीत दोघांना तरी कळायला हवा होता. साहेबांचं मला माहीत नाही.

तीन महिन्यांनी मीही कंपनी सोडली. महाळुंग्याजवळ एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो, दुप्पट पगारावर. शेवटच्या दिवशी दुपारी सर्व्हरच्या चाव्या, म्हणजे पासवर्ड, नव्या पोराला द्यायच्या आधी मी साहेबांचा मेल उघडला. १४ मे २००३ तिथेच होता. आता मला कसलीच भीती नव्हती. ना प्रोबेशन, ना साहेब. प्रिंटर चालू, कागद भरलेला, कल्पना मॅडम रजेवर. मी बाण नेऊन बटणावर ठेवला, आणि बाहेरून विलास ओरडला, "ए, केक आलाय!"

मी उठून केक कापायला गेलो. परत आलो तोवर नवा पोरगा खुर्चीत बसला होता आणि चाव्या बदलत होता. माझ्यासमोरच बदलत होता, मीच शिकवलं होतं तसं.

आता मी महाळुंग्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. समोर नव्या इमारती उठतायत. गेल्या पंधरवड्यात आमच्या इमारतीत पाण्याच्या पाइपचं काम निघालं, तर पाना घेऊन जो माणूस दारात उभा राहिला तो शेखर. एका प्लंबिंगच्या ठेकेदाराकडे लागलाय. मी ओळखलं नाही असं दाखवायचा विचार करत होतो, तेवढ्यात तोच म्हणाला, "सर, तुमी? सौरभदादा न्हवं?"

आधी सर, मग दादा. मी आत बोलावलं, पाणी दिलं.

"तात्या कसे आहेत?"

"बरं हायेत. गुडघं धरल्यात. खाचरात उतरवत न्हाई आता. बसून आसत्यात वट्यावर." तो बेसिनखाली वाकून पाना लावत बोलत होता. "तुमची लई आठवन काढत्यात, दादा. मला म्हनले हुते, कुटं गाठ पडली तर सांग त्येला, त्यो कागद ऱ्हायलाय म्हनावं."

"कसला कागद, ते बोलले का?"

"न्हाई. मी इचारलं तर म्हनले, तुला काय करायचंय, आमच्या दोघांतला हाय." तो बेसिनखालून डोकं काढून हसला. "काय हुतं दादा, भाडंपावती?"

"तसंच काहीतरी," मी म्हणालो. "देतो म्हणावं."

"सावकाश द्या. मी हितंच हाय म्हैनाभर, सी विंगला. माज्याकडं दिला तरी चालंल."

मी हो म्हटलं.